सोसायटीतील जुन्या झाडांचेही ऑडिट व्हायला हवे

पावसाळा तोंडावर आला की पुण्या-मुंबईतील बहुतेक गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये झाडांच्या छाटणीचा ठराव विनाचर्चा मंजूर होतो. ठेकेदार येतो, पर्जन्यवृक्षांचे आणि गुलमोहरांचे माथे सपाट करतो, लाकूड टेम्पोत भरून घेऊन जातो आणि आता वादळात काही होणार नाही, असे समजून सभासद निश्चिंत होतात. या समजुतीविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण माझे ठाम मत असे आहे की, आपल्या आवारातील मोठी झाडे आपण आधी चुकीच्या छाटणीने आणि बुंध्याभोवतीच्या काँक्रीटने खिळखिळी करतो आणि मग तीच झाडे धोकादायक ठरवून तोडण्याची परवानगी मागतो.

झाडाचा माथा छाटला की त्याचे अन्न तयार करणारी बहुतांश पाने एका दिवसात नाहीशी होतात. झाड साठवलेल्या अन्नावर तग धरते आणि कापलेल्या टोकांभोवती घाईघाईने नवे धुमारे फोडते. आमच्या गल्लीतील एका पर्जन्यवृक्षावर हे अगदी जवळून पाहता येते. मांडीएवढ्या जाडीच्या फांदीच्या कापलेल्या टोकाभोवती सरळ वर जाणाऱ्या काठ्यांचा झुबका उभा आहे आणि त्याच्या मधोमध लाकूड काळे पडून कुजलेले आहे. मूळ फांदी खोडाच्या लाकडात वर्षानुवर्षे गुंफत वाढलेली असते, तर हे धुमारे केवळ बाहेरच्या थरांवर चिकटलेले असतात. काही वर्षांनी ते जाड आणि जड होतात, खालचे लाकूड मात्र कुजत राहते, आणि मग वाऱ्याच्या पहिल्या झोतात नेमके तेच मोडून खाली येतात. फांदी पडू नये म्हणून केलेल्या कामातूनच पडणारी फांदी तयार होते. दरम्यान सोसायटी पुन्हा छाटणीचा ठराव करते आणि चक्र सुरू राहते.

योग्य छाटणी ही वेगळीच गोष्ट आहे. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे किंचित फुगीर, सुरकुतलेला भाग असतो. जखम बंद करण्याची झाडाची यंत्रणा त्या भागात असल्यामुळे काप त्याच्या अगदी बाहेरून घ्यायचा असतो; तो भाग छिलून खोडालगत कापायचे नाही आणि हातभर खुंटही मागे ठेवायचा नाही. जड फांदी असेल तर खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडे पुढे वरून काप, आणि फांदी उतरल्यावर उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढायचा, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलत जात नाही. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून हे दाखवून दिले की, झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड तो भाग आतून बंदिस्त करते आणि त्याच्या बाहेर नवे लाकूड वाढवते. म्हणून प्रत्येक मोठा काप झाडाच्या अंगात आयुष्यभर राहतो, आणि म्हणूनच तो का घेतला याचे उत्तर काम सांगणाऱ्याकडे असले पाहिजे.

फांद्यांपेक्षाही मुळांविषयीचे अज्ञान अधिक महागात पडते. झाडाची मुळे जेवढी उंची तेवढी खोल जातात, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात पाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. त्याच पट्ट्यात आपण ड्रेनेजची चर खणतो, केबल टाकतो आणि वर पेव्हर ब्लॉक बसवतो. शेजारच्या एका सोसायटीत वळवाच्या वादळात मोठा गुलमोहर उन्मळून पडला, तेव्हा त्याच्या एका बाजूची सगळी जाड मुळे एका सरळ रेषेत कापलेली दिसत होती आणि टोके काळी पडलेली होती. त्या रेषेतूनच काही वर्षांपूर्वी सांडपाण्याची नवी वाहिनी गेली होती. पडलेल्या झाडाभोवती जमलेले लोक मात्र गुलमोहर हे झाडच कच्चे, असे म्हणत होते. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ असतात हे खरे आहे, पण एका बाजूचा आधार कापल्यावर वडही किती काळ उभा राहील? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 साली दिल्लीतील झाडांच्या बुंध्यापासून किमान एक मीटर अंतरातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आपल्या सोसायटीत असे आळे मोकळे करायला कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही. फक्त पार्किंगची एखादी जागा थोडी अरुंद होईल, आणि खरा विरोध तिथूनच येतो.

आपल्याकडील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी, तर त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते. त्याच इमारतीशेजारी तिच्याएवढेच जुने, काही टन वजनाचे झाड उभे असते आणि त्याची तपासणी कोणीही करत नाही. जाणकार माणूस काय पाहतो? बुंध्याशी किंवा मुळांवर कठीण, तपकिरी, अर्धगोल अळंबी उगवली आहे का, कारण ती आतल्या कुजीची खूण असते. झाड एका बाजूला कलले असेल तर विरुद्ध बाजूची माती उचलली गेली आहे का. दोन जाड खोडांच्या बेचक्यात चीर आहे का. खोडावर लाकडी हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का. यात एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी : ढोली आहे म्हणून झाड धोकादायक ठरत नाही. खोडाचे बाहेरचे निरोगी लाकूड पुरेसे जाड असेल तर पोकळ झाड दीर्घकाळ भक्कम उभे राहू शकते, आणि त्या ढोलीत पिंगळे आणि पोपट संसार करतात.

झाड कधीच तोडू नये, असे माझे म्हणणे नाही. मुळे कुजली असतील, बुंधा जमिनीतून हलत असेल, झाड पूर्ण वठले असेल आणि खाली मुले खेळत असतील, तर ते काढलेच पाहिजे, तेही दोर लावून वरून खाली तुकड्यातुकड्यांनी उतरवणाऱ्या प्रशिक्षित माणसांकडून. पाचोळ्याने गटार तुंबते किंवा गाडीवर पक्षी घाण करतात, ही कारणे त्या यादीत बसत नाहीत. झाडाचे मूल्य पन्नास रोपांनी भरून निघते, हे गणितही मला पटत नाही. राज्याच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण अधिनियमात 2021 साली झालेल्या दुरुस्तीनुसार 50 वर्षे किंवा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष मानले जाते आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावणे अपेक्षित असते. तरतूद चांगली आहे, पण ती रोपे लावायला आपल्या आवारात जागाच नसते आणि सावली मात्र आपल्याच आवारातून जाते.

कायद्याविषयी आणखी एक गोष्ट बहुतेक कमिट्यांना माहीत नसते. या अधिनियमात झाड तोडणे या संज्ञेत झाड जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे त्याला इजा पोहोचवणे याचाही समावेश आहे. त्यामुळे झाड आमच्या हद्दीत आहे, आम्ही काहीही करू, हा युक्तिवाद चालत नाही. शिवाय ऐन पावसाळ्यात बगळ्यांची आणि वंचकांची (बगळ्याच्याच जातकुळीतल्या छोट्या पक्ष्यांची) पिल्ले घरट्यांत असतात. तेव्हा छाटणी केली तर वन्यजीव संरक्षण अधिनियमाचाही प्रश्न उभा राहतो. फार मोठी छाटणी नसेल तर हिवाळ्याच्या अखेरीस, घरटी तपासून केलेले काम झाडालाही कमी जड जाते.

सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपूर्वी घ्याव्या लागतात. आमच्या सभेसाठी मी तीन ठराव लेखी दिले आहेत : मोठ्या झाडांची दर तीन वर्षांनी जाणकाराकडून तपासणी आणि त्याचा लेखी अहवाल, प्रत्येक बुंध्याभोवती मीटरभर मोकळी माती, आणि छाटणीच्या वर्क ऑर्डरमध्ये माथा न छाटण्याची, तसेच कोणती फांदी का काढायची हे आधी खडूने खूण करून ठरवण्याची अट. खर्च देखभाल निधीतून व्हावा, असेही त्यात लिहिले आहे. आपल्या सोसायटीत असे ठराव मांडायचे असतील तर कमेंटमध्ये सांगा, मी मसुदा पाठवीन.