टॅकल मोजून स्टॉपर ठरत नाही

सध्या आपल्याकडच्या फुटबॉलच्या ग्रुपांवर एक तक्ता जोरात फिरतोय. संभाजीनगरच्या ग्रुपवर आला, मग लातूरहून आला, मग परभणीच्या एका मित्राने ‘आता बोल’ म्हणून खास मला पाठवला. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले निरनिराळ्या संघांचे बचावपटू एका रांगेत, प्रत्येकापुढे टॅकल (पायाने चेंडू हिसकावणं), क्लिअरन्स (चेंडू धोक्याबाहेर मारणं), ब्लॉक (फटका अंगावर अडवणं) यांचे आकडे, आणि खाली ठणकावून लिहिलेला निकाल: आकडे बोलतात, बाकी सगळी हवा. त्या निकालाखाली पाच मुद्दे. ज्याचे टॅकल-क्लिअरन्स जास्त, तो मोठा स्टॉपर, म्हणजे गोलीच्या पुढ्यातला मधला बचावपटू. मोठ्या संघांच्या स्टॉपरना कामच नसतं, म्हणून लिव्हरपूलचा व्हॅन डाइक, आर्सेनलचा सलिबा, मँचेस्टर सिटीचा रुबेन डियाश ही नावं फुगवलेली. दोन संघांचा बचाव तोलायचा तर खाल्लेले गोल बघा, विषय संपला. साइड बॅकचा, म्हणजे कडेच्या बचावपटूचा, दर्जा असिस्टवरून (गोल करून देणाऱ्या पासवरून) कळतो. आणि जास्त पैसे मोजले म्हणून खेळाडू जास्त चांगला ठरत नाही.

शेवटचा मुद्दा मला मान्य आहे, तो आधीच बाजूला काढतो. व्हॅन डाइकसाठी लिव्हरपूलने जानेवारी २०१८ मध्ये साडेसात कोटी पौंड मोजले, बचावपटूसाठीचा तो जागतिक विक्रम होता. तो मोडला २०१९ मध्ये मँचेस्टर युनायटेडने, हॅरी मग्वायरसाठी आठ कोटी देऊन. पुढे काय झालं ते युनायटेडवाल्यांना विचारायला नको, बिचारे आधीच गांजलेत.

असिस्टचाही फार ऊहापोह नको. ट्रेंट अलेक्झांडर-अर्नॉल्डने लिव्हरपूलकडून २०१८-१९ मध्ये १२ आणि पुढच्या मोसमात १३ असिस्ट दिले. राइट बॅकसाठी हा अफाट आकडा. पण तो त्याच्या पासिंगचा हिशेब आहे. त्याच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत समोरचे संघ मुद्दाम चेंडू टाकायचे, तो हिशेब वेगळ्या वहीत मांडावा लागतो. दोन्ही वह्या एकत्र करून ‘सर्वोत्तम बचावपटू’ काढला, की उत्तर चुकणारच.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. टॅकल.

टॅकल करायची वेळ कधी येते? चेंडू समोरच्याकडे असतो आणि तो तुमच्या अंगावर येतो तेव्हा. म्हणजे टॅकलचा आकडा आधी ठरतो तुमचा संघ चेंडूविना किती वेळ खेळतो यावर, तुमच्या अंगच्या गुणावर नंतर. साधा हिशेब करा. समजा, खेळाच्या दर १०० मिनिटांत एका संघाकडे ६५ मिनिटं चेंडू आहे, म्हणजे त्याच्या स्टॉपरला बचाव करायला उरली ३५ मिनिटं. दुसऱ्या संघाकडे चेंडू ४० मिनिटं, त्याच्या स्टॉपरला मिळाली ६०. पहिल्याचे सरासरी टॅकल १.४ आणि दुसऱ्याचे २.४ असतील, तर तक्त्यात दुसरा जवळजवळ पावणेदोन पट मोठा दिसतो. प्रत्यक्षात चेंडूविना घालवलेल्या मिनिटांनी भागलं तर दोघांचा दर अगदी एकच निघतो. तक्ता करणाऱ्याने हा एक भागाकार केला असता तर निम्मा वाद मिटला असता.

शिवाय टॅकलच्या रकान्यात वर कोण असतं तेही पाहा. २०२२-२३ च्या मोसमात लीगमध्ये सर्वाधिक, १४७ टॅकल होते फुलहॅमच्या पालिन्याचे. जबरदस्त खेळाडू, नंतर बायर्न म्युनिकने त्याला उचललं. पण तो स्टॉपर नाही, मधल्या फळीत खेळतो. त्याचं कामच पुढे जाऊन चेंडू हिसकावण्याचं. त्याला आणि गोलीच्या पुढ्यात उभ्या असलेल्या माणसाला एकाच रकान्यात मोजायचं म्हणजे कठीणच आहे.

ज्यांना अजून पटत नसेल त्यांनी ३१ मार्च २०१९ चा लिव्हरपूल–टॉटनहॅम सामना काढून बघावा. ८५ वं मिनिट, १-१ बरोबरी, लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर अ‍ॅनफिल्डवर सगळे जीव मुठीत धरून बसलेले. टॉटनहॅमचा प्रतिहल्ला सुटला: चेंडू मुसा सिसोकोकडे, जोडीला सोन ह्युंग-मिन, आणि दोघांच्या समोर एकटा व्हॅन डाइक. आपल्याकडच्या कुठल्याही स्पर्धेत बाहेरून काय ओरडलं जाईल सांगू? ‘घुस, घुस! काढ पाय!’ व्हॅन डाइक घुसला नाही. तो मागे सरकत राहिला, सिसोको आणि सोन यांच्या मधोमध, सोनकडे जाणारी वाट अंगाने बुजवत. दोघांत नेम धरून मारणारा सोन, हे त्याला पक्कं ठाऊक. सिसोको गोलाच्या जवळ येत गेला, पास द्यायला फट नाही, उजव्या पायाचा माणूस आणि फटका आला डाव्यावर. तेव्हा कुठे व्हॅन डाइकने एक पाऊल पुढे टाकून त्याला घाई केली. चेंडू आडव्या दांड्यावरून आकाशात. पाच मिनिटांनी दुसऱ्या टोकाला लिव्हरपूलच्या सलाहचं हेडर, टॉटनहॅमचा गोली लॉरिसच्या हातून निसटलेला चेंडू, त्यांचाच बचावपटू ऑल्डरवायरल्डचा स्वयंगोल, आणि लिव्हरपूल २-१.

त्या मोसमातला बचावाचा सगळ्यात मोलाचा क्षण कोणता असं मला विचारलं तर मी हाच सांगेन. तक्त्यात त्याची नोंद काय? टॅकल शून्य, ब्लॉक शून्य, क्लिअरन्स शून्य.

मराठवाड्यात कबड्डी पाहिलेल्या माणसाला हे खरं तर समजावून सांगायची गरज पडू नये. उजव्या कोपऱ्यावर पकडीचा पक्का गडी उभा असला, की चढाईपटू त्या अंगाला पायच टाकत नाही. डावीकडेच घुटमळतो, दम संपवतो, रिकाम्या हाताने परततो. गुणफलकावर त्या कोपरारक्षकाच्या नावापुढे काही चढत नाही. तरी रात्री घरी जाताना लोक त्याचंच नाव घेतात. जिल्हा परिषदेच्या मैदानावर हे कळतं आणि मोबाइलवर फुटबॉलचा तक्ता आला की विसरायला होतं, असं का?

फुटबॉलमध्ये याच्या जवळ जाणारा एक आकडा आहे: ड्रिबल करून किती जण तुम्हाला ओलांडून गेले. व्हॅन डाइकला लीगच्या सलग ५० सामन्यांत कोणीही ओलांडलं नव्हतं. ती मालिका ऑगस्ट २०१९ मध्ये आर्सेनलच्या निकोला पेपेने तोडली, तेव्हा ती बातमी झाली. हा रकाना त्या व्हायरल तक्त्यात नाही. असता तर तळाचा निकाल बदलावा लागला असता.

टॅकलच्या आकड्यावर विसंबून मोठमोठे लोकही फसलेत. ऑगस्ट २००१ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा प्रशिक्षक अ‍ॅलेक्स फर्ग्युसनने आपला स्टॉपर याप स्टामला इटलीच्या लॅझिओला विकलं. स्टाम २९ वर्षांचा, ऐन भरात. त्याच्या आत्मचरित्रावरून वाजलं होतं, अकिलिसची दुखापत होऊन गेली होती, आणि त्याचे टॅकल कमी झालेत, म्हणजे गडी उतरणीला लागला, हेही कारण तेव्हापासून सांगितलं जातं. जागी आणला ३५ वर्षांचा लॉराँ ब्लाँ. आदल्या मोसमात ३१ गोल खाऊन विजेता ठरलेला युनायटेड त्या मोसमात ४५ गोल खाऊन तिसरा आला. स्टाम मात्र २००५ मध्ये मिलानकडून चॅम्पियन्स लीगची फायनल खेळत होता. त्याला विकणं ही चूक होती हे फर्ग्युसनने पुढे स्वतःच कबूल केलं.

दुसरा मुद्दा, मोठ्या संघाच्या स्टॉपरला काम नसतं. यात अर्धं तथ्य आहे आणि ते अर्धं मी खुशाल देतो. लहान संघाच्या बचावपटूंवर अन्याय होतोच. २०२३-२४ चा एव्हर्टन घ्या. आठ गुण कापले गेले, संघ १५ वा आला, त्यामुळे त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. पण त्यांनी ३८ सामन्यांत ५१ गोल खाल्ले, आणि त्यांच्यापेक्षा कमी गोल खाणारे संघ होते फक्त तीन: आर्सेनल २९, सिटी ३४, लिव्हरपूल ४१. चेल्सीने ६३ खाल्ले, टॉटनहॅमने ६१. तार्कोव्स्की आणि ब्रँथवेट या स्टॉपर जोडीचं कौतुक त्या मानाने काहीच झालं नाही. तक्त्यावाल्यांनी एवढंच म्हटलं असतं तर मी तो तक्ता स्वतः चार ग्रुपांवर टाकला असता.

पण तिथून उडी मारून ‘म्हणून सलिबा फुगवलेला’ हे कसं निघतं? काम कमी नसतं, काम वेगळं असतं. तार्कोव्स्की स्वतःच्या पेटीत, म्हणजे गोलासमोरच्या पेनल्टीच्या चौकटीत, उभा असतो, दोन्ही बाजूंना माणसं, समोर मधल्या फळीची भिंत. चेंडू वरून येतो, तो डोक्याने नाहीतर पायाने बाहेर फेकायचा. सलिबा किंवा डियाश उभे असतात मध्यरेषेजवळ, पाठीमागे अर्धं मैदान उघडं. वीस-वीस मिनिटं चेंडू अंगावर येत नाही आणि मग अचानक एक लांब पास पडतो आणि एखाद्या वाऱ्यासारख्या फॉरवर्डशी एकट्याने शर्यत. ती एक हरली की गोल. पहिल्याला रेटा सोसायचा असतो, दुसऱ्याला चूक परवडत नाही. दोघांची जागा बदलली तर दोघांनाही काही आठवडे घाम फुटेल, असं माझं मत.

संभाजीनगरच्या आमखास मैदानावर खेळणाऱ्या पोरांनाही हा फरक अंगाने ठाऊक असतो. संघ मागे बसला की स्टॉपरला मजा येते, धडाधड चेंडू मारता येतात, लोक टाळ्या वाजवतात. कोचने ‘लाइन वर ओढा’, म्हणजे बचावाची रांग पुढे न्या, म्हटलं की तोच पोरगा दर दोन सेकंदांनी मागे वळून बघायला लागतो.

तिसरा मुद्दा मला जास्त रंजक वाटतो, कारण खाल्लेले गोल हा आकडा निदान खरा आहे. अडचण एवढीच, की तो एका माणसाचा नसतो. चेल्सीने २००४-०५ मध्ये अख्ख्या मोसमात फक्त १५ गोल खाल्ले. टेरी आणि कार्व्हाल्यो हे स्टॉपर थोर होतेच, पण मागे गोली पेट्र चेक होता आणि पुढे मधल्या फळीत मॅकेलेले. लिव्हरपूलने २०१७-१८ मध्ये ३८ गोल खाल्ले, २०१८-१९ मध्ये २२. व्हॅन डाइक पहिल्यांदा पूर्ण मोसम खेळला हे खरं, पण त्याच उन्हाळ्यात गोलपोस्टमध्ये आलिसन आला हेही तितकंच खरं. श्रेय कसं वाटायचं?

म्हणून मला संघासंघातली तुलना करण्याआधी एकाच संघातली तुलना करावीशी वाटते: तो माणूस असताना काय झालं आणि नसताना काय झालं. आर्सेनलचा २०२२-२३ चा मोसम यासाठी जणू मुद्दाम घडला. सलिबा लीगचे २७ सामने खेळला, आर्सेनलने त्यांत २५ गोल खाल्ले. मार्चमध्ये पाठ दुखावली आणि उरलेले ११ सामने तो बाहेर. त्या ११ मध्ये १८ गोल. सामन्याला एकाहून कमी असलेली सरासरी दीडच्या पुढे गेली आणि हातातली लीग सिटीने नेली. पुढच्या मोसमात तो ३८ च्या ३८ सामने पूर्ण वेळ खेळला, एक मिनिटही बाहेर नाही, आणि आर्सेनलने खाल्ले २९.

याच्यावरही डोळे मिटून विश्वास टाकू नये. त्या ११ सामन्यांत सिटी आणि लिव्हरपूल या दोघांच्याही घरी जाऊन खेळायचं होतं, आणि सलिबा पडला त्याच सामन्यात बचावपटू तोमियासूही जायबंदी झाला होता. व्हॅन डाइकचंही तसंच. ऑक्टोबर २०२० मध्ये एव्हर्टनविरुद्ध त्याचा गुडघा गेला, लिव्हरपूलने त्या मोसमात ४२ गोल खाल्ले, घरच्या मैदानावर लीगचे सलग सहा सामने हरले. पण मातिप आणि गोमेझ हे स्टॉपरही त्याच मोसमात दुखापतीने गेले, म्हणजे खड्डा एका माणसाचा नव्हता. आणि अ‍ॅस्टन व्हिलाने लिव्हरपूलला ७-२ ने धुतलं तेव्हा व्हॅन डाइक पूर्ण वेळ मैदानात होता, हे त्याच्या भक्तांनी सोयीने विसरू नये.

मग तुझा नंबर एक कोण, असं परभणीचा मित्र विचारणारच. एका मोसमापुरतं बोलायचं तर २०१८-१९ चा व्हॅन डाइक. त्याला खेळाडूंनीच वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं, आणि टेरीनंतर बचावपटूला तो मान मिळायला १४ वर्षं लागली होती. त्याच्या खालोखाल २०२३-२४ चा सलिबा, मग २०२०-२१ चा डियाश. तार्कोव्स्कीला मी पहिल्या दहात नक्की घेईन, तेही क्लिअरन्स न मोजता. आणि मित्राला माझ्या या यादीवर भांडायचं असेल तर खुशाल भांडावं, फक्त येताना तो भागाकार करून यावं.