पंचवीस वर्षे झाली म्हणून घड्याळ ‘विंटेज’ होत नाही

नागपुरातल्या अनेक कौटुंबिक आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप समूहांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा की, घरातले मनगटी घड्याळ २५ वर्षांचे झाले की ते नियमाने ‘विंटेज’, म्हणजे संग्राह्य जुने, ठरते. कंपनी बंद पडलेली असेल तर वयाचीही अट उरत नाही. सेलवर चालणारे घड्याळ मात्र कधीच विंटेज होत नाही. आणि डायल नवे करून, केसला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या खोळीला, पॉलिश मारून घेतले की अशा घड्याळाला हजारोंचा भाव येतो. यातले पहिले विधान अर्धवट खरे आहे, पुढची दोन चुकीची आहेत आणि शेवटचे थेट नुकसान करणारे आहे. रेल्वेत, शाळेत किंवा सरकारी कचेरीत नोकरी झालेल्या इथल्या घरांत कपाटाच्या खणात एखादी एचएमटी हमखास सापडते, आणि या संदेशावर विश्वास ठेवून लोक ती सीताबर्डीच्या बाजारात नेऊन चकचकीत करून आणत आहेत. त्यामुळे प्रत्येक विधान नीट तपासणे आवश्यक आहे.

‘नियमाने’ या शब्दापासून सुरुवात करू. असा नियम कोणी केलेला नाही. आपल्याकडे पुरावशेषांविषयीचा १९७२ चा केंद्रीय कायदा आहे, आणि त्यात सर्वसाधारण वस्तूंसाठी किमान १०० वर्षांची अट आहे. वाहनांच्या बाबतीत २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकींना विंटेज म्हणून नोंदणीची सोय दिली. मनगटी घड्याळासाठी यांपैकी काहीच नाही. २०, २५ किंवा ३० वर्षे हे आकडे विक्रेत्यांनी आणि संग्राहकांनी सोयीसाठी धरलेले संकेत आहेत. संकेत म्हणून माझी त्यांना हरकत नाही, कारण कुठून तरी सुरुवात करावी लागते. हरकत आहे ती केवळ त्या आकड्यावर निकाल देण्याला.

याचे कारण असे की, ही रेषा दरवर्षी एक वर्षाने पुढे सरकते, पण घड्याळे त्या गतीने बदलत नाहीत. २००० साली मागे वळून १९७५ च्या घड्याळाकडे पाहिले असते, तर फुगीर ॲक्रिलिक काच, अंधारात चमकण्यासाठी काट्यांवर लावलेला ट्रिटियम या किरणोत्सर्गी पदार्थाचा लेप, लहान केस आणि पुढे बंद झालेल्या कितीतरी मशीन्स (घड्याळाच्या आतल्या यंत्रणा) असे उघड अंतर दिसले असते. आज २००० च्या एखाद्या चांगल्या स्विस घड्याळाकडे पाहिले, तर त्यात नीलमणी (सफायर) काच, किरणोत्सर्ग नसलेला ल्युमिनोव्हाचा लेप आणि पुष्कळदा १९८० च्या दशकापासून बनत आलेली ईटीए या स्विस कंपनीची २८२४-२ हीच मशीन असते, जी त्यानंतरही वर्षानुवर्षे नव्या घड्याळांत बसवली गेली. अशा घड्याळाला जुने म्हणावे, वापरलेले म्हणावे. विंटेज म्हणण्याआधी ते कोणत्या काळाची बनावट दाखवते, हे पाहिले पाहिजे. माझ्या मते वयाची किमान अट २५ ते ३० वर्षांची ठेवावी, आणि तिच्या जोडीला त्या घड्याळाची घडण आजच्या घडणीहून स्पष्टपणे वेगळी असावी.

शिवाय २५ वर्षे नेमकी कशाची मोजायची, हे संदेशात सांगितलेलेच नाही. मॉडेल कधी निघाले याला इथे महत्त्व नाही; हातातला नग कधी बनला, हे महत्त्वाचे. कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू १९८९ मध्ये आले आणि अजूनही बनते. गेल्या वर्षी घेतलेला त्याचा नग विंटेज कसा होईल? एचएमटीचे ‘जनता’ हे मॉडेलही थोड्याफार फरकाने अनेक दशके बनत राहिले, त्यामुळे डायलवर ‘जनता’ लिहिले आहे एवढ्यावरून साल कळत नाही. जपानच्या सेको कंपनीच्या १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या घड्याळांत मागच्या झाकणावरच्या सहा आकडी क्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरे चिन्ह महिना सांगते. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी इंग्रजी ओ, एन आणि डी ही अक्षरे येतात. क्रमांक ‘८३’ ने सुरू झाला तर महिना मार्च हे पक्के, पण साल १९७८ की १९८८ हे मशीनचा क्रमांक पाहूनच ठरवावे लागते. त्यातही ७००९ सारखी मशीन दोन्ही दशकांत बनल्यामुळे केसचा आकार आणि डायलवरचे सांकेतिक क्रमांक ताडून पाहावे लागतात. घरातले वडीलधारे ‘बाबांनी लग्नात घेतले होते’ असे सांगतात, ती आठवण मोलाची असली तरी ती खरेदीची तारीख असते, उत्पादनाची नव्हे.

दुसरे विधान बंद कंपनीचे. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरात सुरू झाला आणि एचएमटी वॉचेस बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. कारखाना बंद झाला त्या दिवशी १९६५ ची जनता आणि २०१२ ची जनता एकाच रांगेत कशा बसतील? फेवर ल्यूबासारखे स्विस कंपनीचे नाव मधल्या काळात थांबले आणि नव्या मालकांकडे पुन्हा सुरू झाले. संदेशातला तर्क मानला, तर नाव पुन्हा सुरू होताच त्या कंपनीची जुनी घड्याळे विंटेज राहणार नाहीत. कंपनी बंद झाल्याने सुटे भाग मिळणे अवघड होते आणि मागणी वाढू शकते, एवढेच खरे.

सेलच्या घड्याळांविषयीचे विधान इतिहासाला धरून नाही. सेकोचे ॲस्ट्रॉन हे विक्रीला आलेले पहिले क्वार्ट्झ (सेलवर चालणारे, स्फटिकाच्या कंपनांवर वेळ राखणारे) मनगटी घड्याळ २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत बाजारात आले आणि त्याची किंमत ४,५०,००० येन होती. म्हणजे हे तंत्र आता अर्धशतकाहून जुने आहे, आणि १९७० च्या दशकातली क्वार्ट्झ घड्याळे चालू स्थितीत मिळणे चावीच्या घड्याळांपेक्षा कठीण आहे. चावीच्या घड्याळाचा मोडलेला बॅलन्स स्टाफ (डोलणाऱ्या चाकाचा बारीक आस) कसबी कारागीर लेथवर नव्याने घडवू शकतो. जळालेले सर्किट कोणी घडवू शकत नाही. खणात पडून राहिलेल्या सेलमधून गळलेले क्षार त्या सर्किटवर चढले, की बहुधा त्या मशीनचा शेवट होतो. आपल्याकडे १९८० च्या दशकातले, मूळ स्थितीतले टायटनचे क्वार्ट्झ असेल, तर सेल संपलेला असल्यास तो आजच काढून ठेवावा.

आता डायल नवे करण्याचा मुद्दा, ज्यासाठी हे सारे लिहिणे भाग पडले. विंटेज घड्याळाचे मोल सर्वाधिक त्याच्या मूळ डायलमध्ये असते. नुकतीच ‘नवी करून’ आणलेली एक जनता मी भिंगाखाली पाहिली. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नव्हत्या, ‘१७ ज्वेल्स’ची अक्षरे कडेला पसरली होती, आणि सेकंदाचा काटा दुसऱ्याच कोणत्या घड्याळाचा होता, कारण तो मिनिटांच्या पट्टीपर्यंत पोहोचतच नव्हता. मूळ डायलवर उन्हाने आलेली पिवळसर झाक आणि दोन डाग होते, असे मालकांनी सांगितले. ते डाग म्हणजे त्या डायलच्या मूळपणाची खूण होती. ती खरवडून गेली आणि परत येणार नाही. पॉलिशचेही तसेच: प्रत्येक वेळी केसच्या कडा झिजतात, आणि कारखान्यात घासून आणलेल्या धारदार कडा एकदा गोल झाल्या की त्या गोलच राहतात.

अंधारात चमक नसल्याने काट्यांवर नवा लेप लावून घेण्याचा सल्लाही काही जण देतात. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे असते, त्यामुळे १९७० च्या दशकातले स्विस डायल, ज्यावर सहाच्या खाली ‘टी स्विस मेड टी’ लिहिलेले असते, आज रात्रभर चमकत असेल तर तो लेप मूळचा नाही, असे समजावे. त्याहून जुन्या घड्याळांत रेडियम असू शकते. त्यातला चमकणारा पदार्थ मेलेला असला तरी रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे, आणि त्याची भुकटी श्वासावाटे जाणे धोक्याचे असते. असे घड्याळ घरी उघडून खरवडू नये.

कारागिराकडे जाणे गैर नाही. वर्षानुवर्षे बंद पडलेल्या घड्याळातले तेल सुकते, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात लोखंडी कपाटात ते लवकर सुकत असावे. सुक्या तेलावर चावी देऊन चालवले तर चाकांची टोके झिजतात. म्हणून मशीन उघडून साफ करावी, तेल द्यावे, तडकलेली काच बदलावी आणि काढलेला प्रत्येक भाग परत मागून घ्यावा. डायल, काटे आणि केस यांना हात लावायचा नाही, हे दुकानदाराला पावतीवर लिहून द्यायला सांगावे. भावाचे म्हणाल, तर जनता लाखोंच्या संख्येने बनली असल्यामुळे साध्या नगाला फार मोठी किंमत येत नाही, आणि जी येते ती मूळ, न घासलेल्या, न रंगवलेल्या नगाला येते.