फरक ओळखा पाहू

गेम खेळायचा नवा कन्सोल घरी आला तेव्हा बायकोचा पहिला प्रश्न, हा ठेवायचा कुठे? रास्त होता प्रश्न, कारण टीव्हीखालच्या कप्प्यात तो आडवा मावेना, उभा मावेना, शेवटी जमिनीवर बसला. कुठला घेतला ते सांगत नाही, २०२० च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स दोन दिवसांच्या अंतराने आले तेव्हापासून दोन्हीकडचे भक्त भांडायला टपूनच बसलेत.

आधी तर मिळेचना. जगभर चिपचा तुटवडा, साइटवर स्टॉक यायचा आणि मी पासवर्ड आठवेपर्यंत संपायचा. एवढी वाट बघितल्यावर माणसाला साधा गेम नको असतो हो, चमत्कार हवा असतो.

म्हणून बायकोला सोफ्यावर बसवलं, दिवे मालवले आणि गेममधल्या एका डबक्यापाशी जाऊन उभा राहिलो. म्हणलं बघ, याला रे ट्रेसिंग म्हणतात, उजेडाचा किरण कुठे आपटतो नि कुठे जातो याचा सगळा हिशोब मशीन करतं. ती म्हणाली, "डबकंच आहे ना?" मग मेनूत जाऊन सेकंदाला ३० फ्रेमचा, म्हणजे ३० चित्रांचा, क्वालिटी मोड काढला, ६० फ्रेमचा परफॉर्मन्स मोड लावला, परत त्याच डबक्यापाशी आलो. "आता?" "बदललंस का काही?"

तिचाही दोष नाही म्हणा. सपाट चित्रातनं थ्रीडीत उडी मारली तेव्हा कुणाला समजावून सांगावं लागलं नव्हतं. मग एका पिढीत हिरोला नाक आलं, पुढच्या पिढीत हाताची बोटं सुटी झाली, त्यानंतर डोळ्यांत भाव आले. आता नाकावरची छिद्रं दिसतात. त्यापुढे जाऊन काय दाखवणार, सर्दी?

बरं, गेम तरी नवे असावेत. पण आधीचे प्लेस्टेशन ४ (पीएस४) च १० कोटींच्या वर विकले गेलेले, एवढ्या गिऱ्हाइकांना कोण सोडतंय, त्यामुळे एल्डन रिंग काय, गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक काय, २०२२ पर्यंतचे मोठमोठे गेम जुन्या मशीनवर पण आले. जीटीए ५ तर २०१३ मध्ये पीएस३ वर आला, २०१४ मध्ये पीएस४ वर, २०२२ मध्ये पीएस५ वर. आमच्या घराण्यात तीन पिढ्या फक्त आजीने बघितल्यात.

यात खरी गंमत फटींची आहे. हिरो मधेच दोन खडकांच्या फटीत आडवा होऊन, पोट आत घेऊन, हळूहळू सरकतो, बघितलं असेल तुम्ही. मला वाटायचं काय तो थरार! तर तो थरार नसतो, त्या वेळात जुन्या मशीनची हार्ड डिस्क पुढचा इलाखा लोड करत असते. आता माझ्याकडे एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान साठवण, आहे, पुढचा इलाखा केव्हाच तयार होऊन वाट बघतोय, पण गेम दोन्ही मशीनसाठी बनवलाय म्हटल्यावर माझाही हिरो मुकाट्याने घासत, कण्हत सरकतोय. जुना कन्सोल मी भाच्याला देऊन टाकला. परवा त्याचा व्हिडिओ कॉल आला, मागे त्याचा हिरो फटीत, इकडे माझा हिरो फटीत. "मामा, तुझ्याकडे पण हाच आलाय?"

सुधारणा एकच झाली आणि तीच मला भोवली. लोडिंग संपलं. पूर्वी मेल्यावर शोक करायला पाऊण मिनिट तरी मिळायचं, पाणी प्यावं, मेसेज बघावेत, स्क्रीनवरची तीच ती टीप वाचावी. आता मेलो की दोन सेकंदांत उभा. काल गेममधल्या बॉसने, म्हणजे बड्या खलनायकाने, मारलं, मी सवयीने पाणी प्यायला उठलो, परत येतो तर त्याने मला आणखी दोनदा मारलेलं, आणि बायको सोफ्यावरून म्हणते, "हा मात्र फरक कळला हं."