विद्यार्थी गोळा करण्याआधी काम शोधा

गेल्या आठवड्यात एका तरुण प्राध्यापिकेचा फोन आला. विद्यापीठात विद्यार्थी-स्वयंसेवकांचा नवा उपक्रम उभा करायचा आहे, सुरुवात कुठून करू, असे तिने विचारले. फोनवर दिलेले उत्तर मलाच अपुरे वाटले, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

बडोद्यातल्या एका महाविद्यालयात मी अकरा वर्षे राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम-अधिकारी होतो. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. वर्षाचे १२० तास, त्यांतले २० ओळख-प्रशिक्षणाचे, ३० महाविद्यालयाच्या आवारातले आणि ७० दत्तक घेतलेल्या वस्तीत किंवा गावात, शिवाय सात दिवसांचे विशेष शिबिर, अशी तिची आखणी आहे. आखणीत मला दोष दिसत नाही. दोष माझ्या कामात होता, कारण दर जुलैत मी आधी शंभर नावे भरून घेत असे आणि एवढ्या मुलांना काय काम द्यायचे याचा विचार त्यानंतर करत असे. शंभर मुलांना एकाच वेळी पुरेल असे काम सहज सापडत नाही, मग सर्वेक्षण काढले जाते. एका वस्तीत आम्ही सलग तीन वर्षे तीच प्रश्नावली घेऊन गेलो. तिसऱ्या वर्षी एका बाईंनी कागद हातात घेतला, वरून खालपर्यंत पाहिला आणि माझ्या विद्यार्थिनीला विचारले, "मागच्या वर्षीच्या मुलीनेही हेच लिहून नेले होते. आमच्या नळाचे काय झाले?" विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिले. माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण त्या आधीच्या प्रश्नावल्या कपाटात गठ्ठे बांधून ठेवलेल्या होत्या.

त्यानंतर मी क्रम उलटा केला. शहरातल्या एका सरकारी रुग्णालयात जाऊन, तुम्हाला नेमके काय हवे आहे, एवढेच विचारले. बाह्यरुग्ण विभागाच्या सिस्टर मूळच्या धुळ्याच्या, त्यामुळे बोलणे मराठीतच झाले. त्या म्हणाल्या, "सर, शंभर मुले आणू नका. सोमवारी सकाळी नऊ ते बारा मला चार द्या, पण दर सोमवारी तीच चार द्या." छोटा उदेपूर, दाहोद, अलीराजपूर, नंदुरबार अशा लांबलांबच्या भागांतून लोक तिथे येतात, केसपेपर काढायच्या खिडकीपुढे पहाटेपासून उभे राहतात आणि कागद हाती आल्यावर कोणत्या खोलीत जायचे ते त्यांना कळत नाही. दांडिया बाजारातला आमचा एक विद्यार्थी तिथे नियमित जाऊ लागला. अक्कलकुव्याहून आलेले एक आजोबा एक्स-रेचे पाकीट छातीशी धरून तासभर रांगेत होते. मागच्या सोमवारीही ते याच रांगेत होते हे त्याच्या लक्षात आले. त्याने जवळ जाऊन विचारले तेव्हा कळले की त्यांचा जुनाच केसपेपर चालणार होता, नव्या कागदाची गरजच नव्हती. फक्त त्या सोमवारसाठी आलेल्या मुलाला हे ओळखता आले नसते.

म्हणून त्या प्राध्यापिकेला माझा पहिला आग्रह असा आहे की वीस विद्यार्थी आणि तीन ठिकाणे यांच्यापलीकडे पहिल्या वर्षी जाऊ नये. दुसरा आग्रह पगाराचा आहे. एका अध्यापकाने आपले सगळे तास सांभाळून शंभर विद्यार्थ्यांचे एकक चालवावे, ही अपेक्षा मी अकरा वर्षे निभावली आणि ती चुकीची आहे असे आज स्पष्टपणे म्हणतो. विद्यापीठाला हे काम मनापासून हवे असेल, तर पूर्ण वेळचा एक पगारी समन्वयक नेमावा. परीक्षेच्या काळात कोण येणार, मुलींना संध्याकाळी वस्तीतून परत कोण आणणार, प्रवासखर्च कुठून निघणार, ही कामे फावल्या वेळात होणारी नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने समाजसहभागासाठी दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) अभ्यासक्रम सुचवला आहे. त्याला माझा विरोध नाही, मात्र श्रेयांक आले की हजेरीपत्रक येते, आणि समोरच्या माणसाला काही उपयोग झाला का, हा प्रश्न त्या पत्रकात कुठेच नसतो. तो प्रश्न दर महिन्याला त्या सिस्टरना विचारावा लागेल.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा मदतीला पुष्कळ हात पुढे आले, ते यावेतच. पण एका वाडीत शनिवारी ज्येष्ठांकडे जाणाऱ्या आमच्या पाच मुलींना कोणाच्या घरी इन्सुलिन फ्रिजमध्ये असते, तळमजल्यावर एकटे कोण राहते, कोणाला ऐकू येत नाही, हे आधीच ठाऊक होते. वीज गेल्यावर त्यांनी यादी शोधली नाही, सरळ फोन लावायला घेतले.

रुग्णालयातल्या सोमवारच्या कामाची माझ्याकडची वही मी त्या प्राध्यापिकेला देणार आहे. तिच्या शेवटच्या पानावर सिस्टरच्या अक्षरात लिहिले आहे: "दिवाळीच्या सुट्टीत कोण येणार, ते आधी कळवा."