मँचेस्टर, १९०८: चर्चिलना नेमके कोणी पाडले?

एप्रिल १९०८ च्या वायव्य मँचेस्टर पोटनिवडणुकीत ब्रिटनच्या उदारमतवादी (लिबरल) सरकारचे मंत्री विन्स्टन चर्चिल यांना मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांनी पाडले आणि ते श्रेय मी माझ्या आधीच्या लेखात दोन ओळींत गुंडाळले, असा वाचक म्हणून आपला आक्षेप आहे. समाजवादी उमेदवाराने मते फोडली हे मी टाळले, असेही आपण म्हणता.

मतफुटीचा हिशेब आधी उरकतो. हुजूर पक्षाच्या जॉयन्सन-हिक्स यांना ५,४१७, चर्चिलना ४,९८८ आणि समाजवादी डॅन अर्व्हिंग यांना २७६ मते पडली. अर्व्हिंग यांची सगळी मते चर्चिल यांच्या पदरात टाकली तरी ते १५३ मतांनी मागेच राहतात.

स्त्रियांचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण आपण दोन वेगळ्या मोहिमा एकत्र केल्या आहेत. एमेलिन पँकहर्स्ट आणि तिच्या मुलींची मताधिकार संघटना स्त्रियांना मताधिकार न देणाऱ्या सरकारचा प्रत्येक उमेदवार पाडायला निघाली होती. मताधिकाराच्याच चळवळीतल्या ईव्हा गोर-बूथ आणि एस्थर रोपर यांचा मार्ग मात्र तोवर वेगळा झाला होता आणि या निवडणुकीत त्या झगडत होत्या बारमेडच्या, म्हणजे दारूच्या दुकानांत मद्य वाढणाऱ्या स्त्रियांच्या, पोटापाण्यासाठी. सरकारच्या मद्यपरवाना विधेयकामुळे दारूच्या दुकानांतून स्त्रियांना काम देण्यावर गदा येणार होती. ईव्हाची बहीण कॉन्स्टन्स मार्कीविच चार पांढऱ्या घोड्यांची गाडी स्वतः हाकत प्रचाराला आली. गर्दीतल्या एकाने तुला स्वयंपाक येतो का असे विचारले, तेव्हा तिने येतो म्हणून सांगितले आणि तुला चार घोड्यांची गाडी हाकता येते का, असा उलट सवाल केला. हा किस्सा सर्वांना आवडतो, मलाही. पण त्याच विधेयकाने दारूविक्रेते आणि मद्यउत्पादकही खवळलेले होते, आणि मतदानाचा हक्क स्त्रियांना नव्हे, त्यांना होता.

पारडे फिरवणारे इतरही होते. शाळांविषयीच्या सरकारी धोरणावर आयरिश कॅथलिक नाराज होते आणि खुद्द चर्चिल यांनी पराभवाचे खापर त्यांच्यावरच फोडले. चर्चिल यांनी १९०४ मध्ये ज्या परदेशी स्थलांतरितांविरुद्धच्या विधेयकाला विरोध केला होता, त्याच धर्तीचा १९०५ चा कायदा त्यांच्या सरकारने रद्द केला नाही, हे ज्यू मतदारांना दिसत होते. १९०६ च्या निवडणुकीत मुक्त व्यापाराच्या प्रश्नावर चर्चिल यांच्यामागे जमलेले व्यापारी आता तितके एकजीव राहिले नव्हते. (मुक्त व्यापाराचा जप करणाऱ्या याच लँकेशायरच्या दबावाखाली मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावर १८९६ पासून साडेतीन टक्के अबकारी कर बसला होता, हे मराठी वाचकाने विसरू नये.) आणि नव्याने मंत्री झालेल्याने पुन्हा निवडून आले पाहिजे, हा जुना नियम नसता तर ही निवडणूक झालीच नसती.

फरक होता ४२९ मतांचा. म्हणजे सव्वादोनशे मतदार इकडचे तिकडे झाले असते तरी निकाल उलटला असता, आणि एवढे मतदार यांपैकी कोणताही गट फिरवू शकत होता. स्त्रियांच्या प्रचाराचा परिणाम झालाच नाही, असे मी म्हणत नाही. एकट्या त्यांना श्रेय देण्याइतका पुरावा नाही, एवढेच म्हणतो.

डंडीचा विचार आपण केलेला दिसत नाही. मँचेस्टरमध्ये हरल्यावर दोनच आठवड्यांत चर्चिल स्कॉटलंडमधल्या तागाच्या गिरण्यांच्या त्या शहरात उभे राहिले. तिथेही स्त्रियांनी त्यांची पाठ सोडली नाही. मेरी मलोनी हिने सभेत मोठी घंटा वाजवत ठेवून त्यांना बोलूच दिले नाही. तरीही ९ मे रोजी ते २,७०९ मतांच्या आघाडीने निवडून आले.