बाण वर दाखवतोय, तुम्ही सरळ चाला

गेल्या पंधरवड्यात आईला विमानानं कोलकात्याला, धाकट्या भावाकडं नेऊन सोडलं. आई बहात्तर वर्षांची. आजवरची तिची सगळ्यात लांबची मजल म्हणजे तिरुपती, तीही रेल्वेनं, डब्यात धपाटे अन् शेंगदाण्याची चटणी बांधून. विमान पकडायला परभणीहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं एका महानगरात गेलो. कोणत्या, ते सांगत नाही. त्या विमानतळाकडं वकील बरेच असणार आणि माझ्याकडं सोयाबीनचे पैसे अजून आलेले नाहीत. पण परत आल्यापासून गल्लीतले लोक विचारायलेत, मोठ्या विमानतळावर वाट कशी सापडते हो? तेव्हा अनुभवी माणूस या नात्यानं चार गोष्टी सांगतो.

सगळ्यात आधी डोक्यातून चिकलठाणा काढा. विमानतळ म्हटलं की आपल्याला छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा आठवतं, नाहीतर नांदेड. एक इमारत. तपासणी झाली की समोरच्या काचेपलीकडं विमान उभं. हरवायचं म्हटलं तरी जागा नाही. असल्या सवयीनं माणूस बिघडतो. मोठ्या विमानतळावर विमान सोडून बाकी सगळं दिसतं, हे मनाशी पक्कं करून घरातून निघा.

मग टर्मिनल. एकाच विमानतळाची दोन टर्मिनलं म्हणजे एकाच वाड्याच्या दोन खोल्या असतील असं समजू नका. मुंबईत मेट्रो तीनवर टी-१ला एक स्टेशन आहे, टी-२ला एक, आणि दोघांच्या मधे सहार रोड नावाचं तिसरंच. आपल्याकडं परभणी आणि मिरखेलच्या मधे पिंगळी लागतं, पण मिरखेलला कुणी परभणीचं दुसरं दार म्हणत नाही. आकड्यांचाही अर्थ लावत बसू नका. लंडनच्या हिथ्रोला २, ३, ४ आणि ५ अशी टर्मिनलं आहेत, १ नाही. ते २०१५ मध्ये बंद झालं. दिल्लीचं टी-२ दुरुस्तीसाठी २०२५च्या एप्रिलमध्ये बंद झालं आणि ऑक्टोबरच्या शेवटी उघडलं. तोवर तिथली विमानं दुसऱ्या टर्मिनलांवरून उडाली. इमारत म्हटली की दुरुस्ती आलीच, त्याला कुणाची ना नाही. तुम्ही फक्त दोन महिने आधी काढलेल्या तिकिटावर विश्वास ठेवायचा नाही, एवढंच.

मी ठेवला. आमच्या तिकिटावर एक टर्मिनल छापलेलं होतं. आदल्या रात्री साडेअकराला कंपनीचा ईमेल आला, की आता दुसरं. रात्री साडेअकराला आम्ही ट्रॅव्हल्सच्या खालच्या बर्थवर होतो आणि आई मला विचारत होती की ड्रायव्हर झोपला तर काय. ईमेल मी नंतर वाचला. सगळ्यात वर हॉटेलवर सूट, त्याच्याखाली प्रवासाचा विमा, त्याच्याखाली खिडकीची जागा थोडे पैसे भरून घ्या, आणि तळाशी, राखाडी रंगात, मुंगीच्या अक्षरात टर्मिनल. कळवलं नाही असं म्हणायची सोयच नाही.

दारावरच्या जवानानं तिकीट पाहिलं, ओळखपत्र पाहिलं, आणि फार सौजन्यानं म्हणाला, "अंकल, ये आपका टर्मिनल नहीं है." दुसरं कुठंय, तर त्यानं हनुवटीनं दाखवलं. हनुवटीच्या दिशेला एक उड्डाणपूल होता. त्याला बोल लावत नाही. आत सोडायचं की नाही एवढंच त्याचं काम, आणि ते तो नीट करत होता.

संभाजीनगरलाही दोन बसस्थानकं आहेत, मध्यवर्ती आणि सिडको. जालन्याकडून येताना सिडको आधी लागतं. कंडक्टर दारात उभा राहून ओरडतो, "सिडकोवाले उतरून घ्या, नंतर बोंबलू नका!" कुणी झोपलं असेल तर खांदा हलवून विचारतो, "मामा, तुमचं कुठलं?" त्या माणसाकडं अॅप नाही. डोळे आहेत आणि आवाज आहे.

फुकटच्या शटलची वाट बघू नका. ती पुढचं विमान हातात असणाऱ्यांसाठी असते. तुमचं तर अजून पहिलंच मिळायचंय.

टॅक्सीवाल्याशी भाव करू नका. तुमच्या तोंडावरूनच त्याला सगळं कळलेलं असतं.

सामानात सुकं खोबरं ठेवू नका. ते तेलकट असतं, पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात चालत नाही. हा नियम मला पटला. तो मला पाऊण तास रांगेत उभं केल्यावर सांगितला, हेही पटवून घेतोय. आईनं सुनेसाठी नेलेल्या वाट्या तिथंच एका टबात गेल्या. तिनं त्या माणसाला विचारलं, "तुमच्या घरी तरी न्याल का?" तो हसला. दिवसभरात आमच्याकडं बघून हसलेला तो एकटाच.

आता बाण. वाट दाखवणारे बाण फार विचार करून लावलेले असतात. डावीकडचा म्हणजे डावीकडं, उजवीकडचा म्हणजे उजवीकडं, आणि वर तोंड केलेला म्हणजे सरळ. हे कुणी शिकवत नाही, आपोआप यावं लागतं. आमच्या आईला आलं नाही. ती पाटीखाली उभी राहिली, वर बघितलं आणि म्हणाली, "वर जायचंय म्हणायलाय. वर तर छत हाय." मी म्हटलं, वर म्हणजे सरळ. "मग वर कशाला दाखवायलाय?" मला उत्तर आलं नाही. पुढं एक सरकता जिना होता, त्याच्या डोक्यावरही तसाच बाण होता, आणि तिथं मात्र वर म्हणजे खरंच वर होतं. आई माझ्याकडं बघत होती. मी काही बोललो नाही.

पिवळ्यावर काळी अक्षरं ही पद्धत अॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर १९६७ साली आली. हेतू असा, की वाट दाखवणारी पाटी बाकीच्या पसाऱ्यातून लांबूनच डोळ्यात भरावी. पुढं पुष्कळ विमानतळांनी तो रंग उचलला. आम्ही गेलो तिथंही उचललेला आहे. आणि त्या पाटीच्या शेजारी, तशाच पिवळ्या रंगात, वीस फूट उंच एक जाहिरात लावलेली आहे. तिच्यातली बाई बोटानं उजवीकडं दाखवते. गेट डावीकडं होतं. पन्नास पावलं उजवीकडं जाऊन आलो आम्ही.

तपासणीनंतर लगेच गेट येईल अशी अपेक्षा ठेवू नका. आधी बाजार येतो. अत्तर, चॉकलेट, गॉगल, पुन्हा अत्तर. वाट सरळ का नाही असं विचारू नका. नागमोडी वाट सरळ वाटेपेक्षा जास्त भाडं देते. परभणीच्या आठवडी बाजारातही माणूस गुंततो, पण तिथं बाहेर पडायला चार बोळ असतात आणि कोथिंबीरवाली सांगते कुठून निघायचं.

फलकावर आपलं विमान शोधताना पापणी लववू नका. आपली ओळ येईस्तोवर पान उलटतं.

व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागून ठेवा. आम्ही ठेवली नव्हती, कारण आई म्हणाली होती, "मी काय लंगडी हाय का?" ती लंगडी नाही. पण तिचे गुडघे बहात्तर वर्षांचे आहेत, आणि गेट नंबर २३ची पाटी दिसल्यावर लिहिलेलं होतं, चालत बारा मिनिटं. ही बारा मिनिटं कुणाची मोजलेली आहेत कोण जाणे. आमची पंचवीस झाली.

तिथं पोचून बसलो. आईनं पायातल्या चपला काढल्या, मांडी घातली. मी बाटली भरून आणली. आता पुढचा सल्ला नीट ऐका, हा सगळ्यात महत्त्वाचा आहे: गेटपाशी पोचलात म्हणजे पोचलात असं समजू नका, कारण गेट हलतं. तुम्ही बसलेले असता आणि तुमचं गेट गुपचूप उठून दुसरीकडं जातं. कुणी ओरडत नाही. बऱ्याच मोठ्या विमानतळांनी आता घोषणा बंद केल्यात; त्याला सायलेंट एअरपोर्ट म्हणतात आणि मोठ्या अभिमानानं तशी पाटी लावतात. प्रवाशांना त्रास नको म्हणून. आवाजाचा त्रास! आमच्या बसस्थानकावरचा भोंगा सकाळी पाचपासून "परभणी, मानवत रोड, पाथरी" म्हणून कोकलतो, निम्मं खरखर ऐकू येतं, पण त्या खरखरीतूनसुद्धा म्हातारी माणसं आपली गाडी ओळखतात. इथं संगमरवरी शांतता. मी सहज फलक बघायला उठलो म्हणून कळलं, २३चं झालं होतं ४७बी. बी म्हणजे खालचा मजला, तिथून बस, बसनं विमान. गेट बंद व्हायला अठरा मिनिटं. बहुतेक कंपन्या विमान सुटण्याआधी पंचवीस मिनिटं गेट बंद करतात, आणि तो नियम कधी पुढंमागं होत नाही. मागंपुढं सरकवायला फक्त गेट ठेवलंय. मोबाइलवर मेसेज आला का म्हणाल, तर आला. आम्ही ४७बीपाशी पोचल्यावर. आईला एका हातानं धरून, दुसऱ्या हातात पिशवी अन् तिच्या चपला, मी त्या सरकत्या पट्ट्यावर चालत होतो आणि आई म्हणत होती, "विचार की कुणाला तरी. आरं विचार की." विचारायचं कुणाला? मदत कक्ष लागला वाटेत. झकास होता. गोल, उजेड टाकलेला, मोठं प्रश्नचिन्ह काढलेलं. माणूस नव्हता. टेबलावर एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र आणि खाली लिहिलेलं, मदतीसाठी स्कॅन करा. माझे दोन्ही हात आईत आणि चपलांत अडकलेले होते. अत्तराच्या दुकानात पाच जणी उभ्या होत्या, मनगट पुढं करा म्हणणाऱ्या. एकीला विचारलं, ४७बी? "सर, आय अॅम नॉट फ्रॉम द एअरपोर्ट." खरंच आहे. तिथं कुणीच एअरपोर्टचं नव्हतं. झाडूवाला एक पोरगा भेटला, बिहारकडचा असावा. त्यानं झाडू भिंतीला लावला, आईचा दुसरा हात धरला आणि जिन्यापर्यंत आला. त्याच्या पगारात हे काम धरलेलं नसणार.

विमान मिळालं. आई बसली, पट्टा लावून घेतला, आणि पाय चोळत म्हणाली, "एवढं मोठं बांधलंय अन् सांगायला माणूस नाही ठेवला."

मी वहीत आणखी सात-आठ सल्ले काढून ठेवले होते. उतरल्यावर टॅक्सीला खांबाचा नंबर कसा सांगायचा, नकाशातला निळा ठिपका मजला का दाखवत नाही, वगैरे. ते राहू द्या. सरळच बोलतो.

विमानतळवाल्यांनो, विमान कंपन्यांनो, लाज वाटायला पाहिजे तुम्हाला. तिकिटावर विमा विकायला जागा आहे, जेवण विकायला जागा आहे, आणि टर्मिनल कोणतं हे मोठ्या अक्षरात छापायला जागा नाही? टर्मिनल बदललं तर रात्री साडेअकराला ईमेल टाकता. फोन करायला काय होतं? क्रेडिट कार्ड विकायला दुपारी जेवणाच्या वेळेला बरोबर फोन करता येतो. गेट बदललं तर दोन मिनिटं तोंडानं सांगा. कानाला त्रास होणारे लोक आत खास बसायच्या खोल्यांत सोफ्यावर आहेत. बाहेर खुर्च्यांवर बसलेल्यांना विमान चुकल्यावर जास्त त्रास होतो. वाटेच्या पाटीशेजारी जाहिरात लावू नका, निदान त्याच रंगाची तरी लावू नका. आणि त्या गोल टेबलामागं एक माणूस बसवा. बारावी पास चालेल, भाषा दोन आल्या तरी बस्स, फक्त त्याला उठून उभं राहता यावं आणि हात लांब करून बोटानं दाखवता यावं. आमच्याकडं कुठल्याही गावात पत्ता सांगताना शेवटी म्हणतात, "तिथं गेलात की कुणालाही विचारा." तिथं गेलो आम्ही. कुणालाही म्हणजे कुणाला, ते सांगा.

आणि विमानात नेहमी बसणाऱ्यांनो, तुम्हीही. रांगेत मागून "अंकल, जरा जल्दी" म्हणणारे तुम्हीच ना? तुमचं पहिलं विमान आईच्या पोटातून निघाल्या निघाल्या होतं काय?

आई तिकडं खुशाल आहे. काल फोनवर सांगत होती, सुनेला खोबरं तिकडंच मिळालं, पण त्याला आपल्यासारखा वास नाही. पुढच्या महिन्याच्या बावीस तारखेला तिला आणायला जायचंय. तिकीट आलंय मेलवर. चष्मा लावून दोनदा खालीवर केलं. हॉटेल आहे, विमा आहे, खिडकी आहे. टर्मिनल अजून सापडलेलं नाही.