यंत्र वाजतं, गाव जमतं

खानापूर तालुक्यात माणूस रानात एकटाच मान खाली घालून हिंडायला लागला, की त्याला किल्ली हरवली का असं कुणी विचारत नाही. "हंडा घावला काय?" हाच पहिला प्रश्न. अशा मुलखात, रिटायर झाल्यावर, भाच्यानं मला मेटल डिटेक्टर आणून दिला. "मामा, तेवढंच चालणं होईल." चालणं झालं, पण माझ्या मागून अर्धा गावही चालला.

यंत्र तसं साधं. टोकाच्या चकतीतली तांब्याची तार जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, खाली धातू असला की त्यात प्रवाह उठतो आणि कानात 'टुंई' होतं. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनं 1881 साली असलंच यंत्र घेऊन अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायचा खटाटोप केला होता. पलंगातल्या लोखंडी स्प्रिंगांनी घोळ घातला. बेलला पलंग नडला, मला आमचा जांभा. इथल्या तांबड्या मातीतच इतकं लोखंड, की खाली काही असो नसो, यंत्र आपलं वाजतंच.

त्यावर उपाय म्हणजे चकती जमिनीशी वर-खाली हलवून यंत्राला माती ओळखून द्यायची. मी ते करत असताना बांधावरून आप्पा बघत होते. "मास्तर, पूजा चाललीय व्हय? थांबा, नारळ आणतो." मी नको नको म्हणेपर्यंत आणलाही. नारळ फुटल्याचा आवाज गेला आणि भांगलण टाकून बायका आल्या.

मग 'टुंई' झालं. खुरप्यानं वीतभर उकरलं, सगळ्यांनी श्वास धरला, आणि सोड्याच्या बाटलीचं टोपण निघालं. आप्पांनी ते पंच्याला पुसून, उन्हात धरून, उलटसुलट करून पाहिलं. न जाणो.

खरा छळ पुढं. अक्काची सोन्याची कुडी मागं कधीतरी भांगलताना पडली होती. "एवढं यंत्र आणलंय, तर तेवढी काढून द्या की." आता यातली गोम अशी, की पातळ सोनं आणि औषधाच्या पाकिटाचा चंदेरी कागद यंत्राच्या पडद्यावर धातूचा जो आकडा उमटतो त्यात जवळपास सारखेच दिसतात. कागद गाळावा तर सोनंही गळतं. म्हणून जे वाजेल ते उकरायचं. कुडी नाही निघाली, पाकिटं मात्र ढिगानं निघाली, आणि कुणाला पित्त, कुणाला बीपी, कुणाला गुडघेदुखी हे सगळं चारचौघांत बाहेर आलं. बीपीचं पाकीट हातात आल्यावर अक्का म्हणाली, "हे आमचं नव्हं," आणि झटकन कमरेला खोचलं. कुडीचा विषय त्यानंतर निघाला नाही.

पण हंड्याचा निघाला. संध्याकाळी कट्ट्यावर मंडळी वाटण्याच करत बसली: जमीन कुणाची, खुरपं कुणाचं, नारळ कुणाचा. शेवटी मी मास्तरकी बाहेर काढली. म्हटलं, जमिनीतलं धन परस्पर ठेवून घ्यायचं नसतं. इंग्रजांनी 1878 सालीच कायदा करून ठेवलाय, दहा रुपयांवरचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, नाहीतर शिक्षा.

कट्टा गप्प झाला. आप्पांनी तंबाखू मळून होईपर्यंत विचार केला.

"मग मास्तर, उद्यापास्नं दहाच्या आतलंच काढा की."